नोंद कुठे आहे ते आधी शोधा: जुन्या सरकारी कागदाची नक्कल मिळवायची कशी

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे कुणबी नोंदी शोधण्याचं काम आलं. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामकाळातल्या सरकारी माहितीग्रंथाचा, कुणबी दाखल्यासाठी आधार घेणारा शासन निर्णय निघाला. दरम्यान उशिरा केलेल्या जन्मनोंदींची प्रकरणं गाजली आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने त्यांचे नियम कडक केले. या सगळ्यामुळे घराघरांत एकच प्रश्न सुरू झाला: आपल्या आजोबा-पणजोबांचं कागदावर काही सापडतंय का? आरक्षण कोणाला मिळावं यावर मला इथे लिहायचं नाही. लिहायचंय ते तहसील कचेरीतल्या त्या खिडकीबद्दल, जिथे लांबून आलेली माणसं रिकाम्या हाताने परत जातात.

खिडकीवरचं बोलणं बहुतेक वेळा असं होतं.

“साहेब, पणजोबांचा दाखला पाहिजे.”

“कसला दाखला?”

“जुना.”

“कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, कुठल्या रजिस्टरचा?”

इथे माणूस गप्प होतो. कारकून उद्धट आहे, असं वाटून तो परत फिरतो. कधी कारकून खरोखर उद्धट असतोही, पण हा प्रश्न मात्र रास्त आहे. रेकॉर्ड रूममधले कागद माणसांच्या नावाने लावलेले नसतात. ते गावाने, नोंदवहीने आणि सालाने लावलेले असतात. मोबाइलमध्ये नाव टाकलं की सगळं समोर येतं, याची आपल्याला सवय झाली आहे. पण कापडी रुमालात बांधलेल्या गठ्ठ्याला तुमच्या पणजोबांचं नाव माहीत नसतं. गाव, वही आणि साल या तीन गोष्टी सांगितल्या तरच तो गठ्ठा फडताळावरून खाली येतो.

## वाण्याची वही

तुमच्या गल्लीतल्या वाण्याकडे उधारीची वही आहे असं समजा. त्याच्याकडे तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी मागू शकता. पहिली: “माझं पान दाखवा.” दुसरी: “या पानाचा जसाच्या तसा उतारा करून खाली सही करून द्या.” तिसरी: “हे गिऱ्हाईक चोख आहे, अशी चिठ्ठी द्या.”

सरकारी भाषेत पहिल्या गोष्टीला अभिलेखाची पाहणी म्हणतात. अभिलेख म्हणजे कार्यालयाने सांभाळून ठेवलेला कागद. दुसरीला म्हणतात प्रमाणित नक्कल, आणि तिसरी म्हणजे दाखला किंवा प्रमाणपत्र. आपण बोलताना तिन्हींना ‘दाखला’च म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो.

पान दाखवताना किंवा उतारा देताना वाण्याला स्वतःचं मत द्यायचं नसतं. वहीत जे आहे ते आहे. चिठ्ठी देताना मात्र त्याला ठरवावं लागतं की तुम्ही चोख आहात की नाही, म्हणून तो चार गोष्टी विचारतो, जुनी पानं चाळतो. कचेरीतही असंच आहे. जन्माच्या नोंदीची नक्कल देणाऱ्याने फक्त वहीशी ताडून पाहायचं असतं. जातीचा दाखला देणाऱ्या उपविभागीय अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या प्रांतसाहेबांना, पुरावे पाहून निर्णय करावा लागतो. म्हणून दाखल्यासाठी तुम्हाला नकला जोडाव्या लागतात. नक्कल हा कच्चा माल आणि दाखला हा त्यातून तयार झालेला पदार्थ. डाळ-तांदूळ न आणता खिचडी मागायला गेलं तर आधी किराणा आणायला परत पाठवणारच.

नक्कल देणं ही कुणाची मेहेरबानी नाही, हेही सांगून ठेवतो. जो सार्वजनिक कागद पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे त्याची नक्कल ठरलेलं शुल्क घेऊन दिलीच पाहिजे, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही कलम ७५ मध्ये ती कायम आहे. नकलेखाली ‘ही खरी नक्कल आहे’ असा लेखी दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि शिक्का हवा. एवढं असलं की तो कागद मूळ वहीच्या जागी पुरावा म्हणून उभा राहतो. साधी झेरॉक्स उभी राहत नाही.

## ती नोंद कुणी केली आणि कशासाठी?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. शंभर वर्षांपूर्वी तुमच्या पणजोबांची जात नोंदवून ठेवावी म्हणून कुणी वही उघडली नव्हती. वह्या उघडल्या होत्या सरकारच्या स्वतःच्या कामासाठी: सारा गोळा करायला, जन्म-मृत्यू मोजायला, जमिनीची मोजणी लिहायला, गुन्हेगार नोंदवायला. त्या कामाच्या ओघात माणसाचं नाव, गाव आणि बऱ्याचदा जात एका रकान्यात येऊन बसली. म्हणूनच अशा नोंदीला वजन आहे. त्या रकान्यातून तेव्हा कुणाला काही मिळायचं नव्हतं, त्यामुळे खोटं सांगायचं कारणही नव्हतं. जात पडताळणीच्या प्रकरणांत स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदांना जास्त वजन द्यावं असं सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं आहे, ते याच तर्काने.

तेव्हा प्रश्न उलटा करा. ‘पणजोबांचा कागद कुठे मिळेल’ असं विचारण्याऐवजी ‘पणजोबांचा सरकारशी संबंध कधी कधी आला असेल’ असं विचारा.

त्यांना मुलं झाली असतील. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की तो गाव नमुना १४ मध्ये लिहिला जाई. लोक त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. हे कागद तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात.

ते किंवा त्यांचे भाऊ शाळेत गेले असतील. मग शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव असेल. त्याच्या नकलेला पश्चिम महाराष्ट्रात प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात, विदर्भात दाखल-खारीजचा उतारा. शाळा बंद पडली असली तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा, रजिस्टर दुसऱ्या शाळेकडे गेलेलं असू शकतं.

जमीन असेल तर वाटा बऱ्याच आहेत. सातबारा आज सगळ्यांना माहीत आहे, पण सातबाऱ्यावर जात नसते. जुन्या कामासाठी उपयोगी पडतात ते त्याच्या मागचे कागद: फेरफार, म्हणजे नाव का आणि कसं बदललं याची नोंद, हक्कनोंद पत्रक, क पत्रक, कुळ नोंदवही. मराठवाड्यात १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पत्रक आणि विदर्भात त्याच काळाचा अधिकार अभिलेख हे कागद कामाचे. मोजणीचे जुने कागद तहसीलला नसतात, ते भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात असतात. पक्का बुक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर ही त्या वह्यांची नावं. ही नावं लिहून घेऊन जा. खिडकीवर ‘जुनं रेकॉर्ड’ म्हटलं की हात हलत नाही, ‘क्लासर रजिस्टर’ म्हटलं की समोरच्याला कुठलं कपाट उघडायचं ते कळतं.

खरेदी-विक्री, दत्तक, गहाण झालं असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी असेल. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांची वही आणि तिची सूची कुणालाही शुल्क भरून पाहता येते. मृत्युपत्राच्या वहीला मात्र ही मोकळीक नाही.

शिंदे समितीने तपासायच्या कागदांत पोलिसांचे क्राइम रजिस्टर, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची नोंदवही, उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या नोंदवह्या हेसुद्धा होते. पणजोबांचं नाव तुरुंगाच्या वहीत सापडलं म्हणून कुणी लाजू नये. तोही सरकारने त्या काळी लिहिलेला कागद आहे.

## आत्याच्या जन्माची नोंद

माझ्या चुलतभावाच्या मुलाला जात पडताळणीसाठी आमच्या आजोबांच्या नावाची जुनी नोंद हवी होती. आजोबांना जमीन नव्हती. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. वडील आणि काका शाळेत गेले, पण स्वातंत्र्यानंतर. स्वातंत्र्याआधीचं काही मिळण्याची शक्यता एकच होती: थोरली आत्या. ती १९४३-४४ च्या सुमाराला जन्मली होती. तिच्या जन्माची नोंद म्हणजे बाप म्हणून आजोबांची नोंद.

आमच्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला अर्ज केला. तीन आठवड्यांनी तोंडी उत्तर आलं, “नोंद नाही.” भावाने हात टेकले. मी सुटीत आत्याकडे गेलो तेव्हा सहज बोलता बोलता ती म्हणाली, “अरे, मी आपल्या गावची कुठे? मी आजोळी जन्मले. पहिलं बाळंतपण माहेरीच असायचं ना.”

आम्ही दोघं शिकलेले, पण हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. जन्माची नोंद बापाच्या गावात होत नाही, जिथे जन्म झाला तिथे होते. आणि आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते.

आत्याचं आजोळ शेजारच्या तालुक्यात. तिथे अर्ज केला आणि वही पाहायला मिळावी अशी विनंती केली. रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी नाकाला रुमाल बांधून गठ्ठा सोडला. पानं तपकिरी झालेली, कडा हात लावला की गळत होत्या. बाईंनी पान उलटायला पट्टी वापरली, बोट लावलं नाही. १९४४ च्या पानात सापडलं ते असं: तारीख, बापाच्या रकान्यात आजोबांचं नाव आणि आमचं गाव, जात, खबर देणाऱ्याच्या रकान्यात आत्याच्या मामाचं नाव. मुलाच्या नावाच्या जागी फक्त ‘मुलगी’. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याआधीच झालेली, मग नाव येणार कुठून?

म्हणून जुन्या वहीत तुम्हाला माहीत असलेलं नाव शोधू नका. बापाचं नाव शोधा. ‘मुलगी’, ‘मुलगा’, ‘मृत जन्म’ अशा नोंदींवरून नजर घसरू देऊ नका. आणि नंतर ती ‘मुलगी’ म्हणजेच आत्या, हे जोडून दाखवायला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीचे कागद लागतात, त्याचीही तयारी ठेवा. आमच्याकडे आणखी एक अडचण होती: आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची तारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांनी वय अंदाजाने धरून ती लिहिली. ती तारीख आणि वहीतली तारीख जुळत नाही म्हणून आम्ही घाबरलो होतो. पण तारीख दोन ठिकाणी वेगळी का, याचं खरं कारण प्रतिज्ञापत्रात सरळ लिहिलं, आणि लपवलं नाही.

## अर्जात काय लिहायचं

लांबलचक कहाणी लिहू नका. एवढं पुरतं: “मौजे अमुक, तालुका अमुक येथील सन १९४० ते १९४६ या वर्षांच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत (गाव नमुना १४) अमुक यांच्या अपत्यांच्या ज्या नोंदी असतील त्या पानांच्या प्रमाणित नकला मिळाव्यात.” साल नेमकं माहीत नसेल तर मागेपुढे तीन-तीन वर्षं धरा. पंचवीस वर्षांचा पट्टा मागितला तर शोधणारा कंटाळून ‘आढळ होत नाही’ लिहील, हे व्यवहाराचं सांगतो.

गावाचं त्या काळचं नाव आणि तालुका तपासा. नवे तालुके झाले, जिल्हे फुटले, पण जुनं दप्तर बऱ्याचदा मूळ तालुक्यातच राहिलं. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होता आणि मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे वह्यांची नावं आणि सालं दोन्ही बदलतात. मराठवाड्याच्या कागदात फसली सन दिसलं तर त्यात साधारण ५९० मिळवा. फसली १३४३ म्हणजे १९३३-३४.

अर्जावर कोर्ट फीचं तिकीट लावा, दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ही पोच म्हणजे तुमचा अर्ज अस्तित्वात आहे याचा एकमेव पुरावा. पुढची प्रत्येक तक्रार, प्रत्येक अपील तिच्यावर उभं राहतं.

## “नोंद नाही म्हणतात, मग संपलं का?”

नाही. ‘नोंद नाही’ या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. चुकीच्या गावात शोधलं, जसं आमचं झालं. चुकीच्या वर्षात शोधलं. वही आहे, पण पान जीर्ण किंवा वाचता न येणारं. किंवा वहीच नाही. यातलं नेमकं कोणतं, ते लेखी मागा. जन्म-मृत्यूच्या बाबतीत नोंद नसल्याचं रीतसर अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळतं, नमुना क्रमांक १०. ते हातात असलं की पुढची वाट उघडते: उशिराची नोंद.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा म्हणतो, जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी. एक वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आधी हे काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतं. २०२३ च्या दुरुस्तीने ते जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं. आता चौकशी कडक होते आणि व्हायलाही हवी, कारण ही नोंद आज मागणारा माणूस आज फायद्यासाठी मागू शकतो. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर जन्माचा दाखला हाच शाळा, पासपोर्ट, मतदार यादी, वाहन परवाना या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा आहे. घरात तान्हं बाळ असेल तर २१ दिवस चुकवू नका.

## “कागद नष्ट केला म्हणतात”

कचेरीतले कागद वर्गवारीने ठेवतात. अ वर्ग कायमचा. ब वर्ग ३० वर्षं, क-१ वर्ग १० वर्षं, क वर्ग ५ वर्षं, ड वर्ग १ वर्ष. मुदत संपलेला कागद नष्ट करणं कायदेशीर आहे. पण हक्कनोंद आणि जन्म-मृत्यूची नोंदवही हे कायम जपायचे कागद. त्याबद्दल कुणी ‘नष्ट केला’ म्हटलं तर दोन गोष्टी लेखी विचारा: हा कागद कोणत्या वर्गात होता, आणि नष्ट केलेल्या कागदांच्या यादीत तो कोणत्या तारखेला दाखवला आहे? यादी नसेल तर तो नष्ट केलेला नाही, गहाळ झालेला आहे, आणि गहाळ कागदाची जबाबदारी ठरवावी लागते. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्याने ती जबाबदारी अभिलेख अधिकाऱ्यावर टाकली आहे.

दरम्यान दुसरी वाट शोधा. तहसीलची वही गेली तरी शाळेची असेल, निबंधकाची असेल. मुंबईचं पुराभिलेख संचालनालय १८२१ पासून आहे, आणि पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही पुराभिलेखागारं आहेत. घरगुती कामासाठी तिथवर जायची वेळ क्वचित येते, पण संस्थानी मुलखातल्या लोकांना येऊ शकते.

## “सापडलं, पण मोडीत आहे”

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिम महाराष्ट्रातले पुष्कळ कागद मोडीत लिहिले गेले, मराठवाड्यातले उर्दूत. अशा पानाची आधी प्रमाणित नक्कल घ्या, जशी आहे तशी. मग जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर किंवा भाषांतर करून त्यावर त्याची सही घ्या. दोन्ही एकत्र जोडा. फक्त लिप्यंतर जोडलं तर जात पडताळणी समिती मूळ मागणारच. मोडी शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या माणसाकडेच जा. मोडीत एका वेलांटीने आडनाव बदलतं.

## “ऑनलाइन मिळत नाही का?”

काही मिळतं. सातबारा, आठ-अ, फेरफार डिजिटल सहीने मिळतात, सातबाऱ्याला १५ रुपये लागतात आणि तो कचेरीत-कोर्टात चालतो. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सही नसलेला सातबारा फक्त माहितीसाठी असतो, हा फरक लक्षात ठेवा. जुने स्कॅन केलेले कागदही आता बऱ्याच तालुक्यांचे दिसतात. पण स्कॅन करताना गाव किंवा वर्ष चुकीचं टाकलं गेलं तर वही असून दिसत नाही. ऑनलाइन नाही म्हणजे नाहीच, असं धरू नका.

## “माहिती अधिकार टाकावा का?”

टाकावा, पण कशासाठी ते समजून. माहिती अधिकार म्हणजे वाण्याला ‘वही दाखवा’ म्हणण्याचा हक्क. त्यात जे लिहिलंय ते मिळतं. ‘माझे पणजोबा कुणबी होते का?’ असा प्रश्न माहिती अधिकारात विचारला तर उत्तर मिळणार नाही, कारण ते मत झालं, आणि मत तयार करून देणं त्या कायद्यात बसत नाही. ‘या गावच्या या वर्षांच्या या वहीच्या पानांच्या प्रमाणित प्रती द्या’ असं विचारलं तर मिळतील. पान सापडेल की नाही याची शंका असेल तर आधी पाहणीच मागा, पहिल्या तासाला शुल्क नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका अशा ठिकाणी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख पाहायला द्यावेत, असं राज्य सरकारने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. याची माहिती फार कमी लोकांना असते.

महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ. अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, तेव्हा तीन कचेऱ्यांचं दुखणं एका अर्जात घालू नका. चुकीच्या कचेरीत गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, आणि तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. उशीर झाला तर प्रती फुकट द्याव्या लागतात. कोर्टाच्या निकालपत्रांना आणि दाव्याच्या कागदांना मात्र ही वाट नाही, तिथे कोर्टाच्या नियमांप्रमाणेच नकलेचा अर्ज करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

अर्ज टाकला तर कारकून डूख धरतात, ही भीती मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. माझा अनुभव असा की आधी साधा नकलेचा अर्ज करावा, पंधरा-वीस दिवस वाट पाहावी, आणि मग पोचेचा क्रमांक देऊन माहिती अधिकारात विचारावं: ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली?’ हा प्रश्न कुणाच्या अंगावर जात नाही, पण अर्ज गठ्ठ्यातून वर येतो.

## आता दाखला

नकला हातात आल्या की दाखल्याकडे वळा. इथे माहिती अधिकाराऐवजी २०१५ चा सेवा हक्क कायदा कामाला येतो. कोणता दाखला किती दिवसांत आणि कोणता अधिकारी देईल, हे अधिसूचित असतं आणि कचेरीच्या फलकावर लावावं लागतं. ‘आपले सरकार’वर किंवा सेवा केंद्रातून अर्ज केला की क्रमांक मिळतो. मुदत टळली किंवा नकार आला तर वरिष्ठाकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नकार असेल तर कारणासह लेखी घ्या.

जातीच्या दाखल्यात ठरावीक तारखांच्या आधीचं वास्तव्य दाखवावं लागतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ‘जुना पुरावा आणा’ असं जे सतत ऐकू येतं त्याचं मूळ या तारखांत आहे. आणि दाखला मिळाला म्हणजे वैधता मिळाली असं नाही. जिल्ह्याची जात प्रमाणपत्र पडताळणी समिती तो वेगळा तपासते, आणि सिद्ध करण्याचा भार कायद्याने अर्जदारावर आहे. प्रवेश जूनमध्ये असेल तर एप्रिलमध्ये धावपळ करून भागत नाही. मूल अकरावीत गेलं की कामाला लागा.

‘नोंद घालून देतो’ म्हणणारे लोक कचेरीच्या बाहेर उभे असतात. गरजेपोटी माणूस भुलतो, त्याला मी दोष देत नाही. पण वहीत मागाहून घातलेली शाई तपासणीत ओळखू येते, मूळ वही मागवली जाते, आणि मग नोकरी, प्रवेश, निवडून आलेलं पद सगळं जातं, वर फौजदारी होते. आपल्या घरातल्या मुलाच्या आयुष्याशी हा खेळ करू नका.

परदेशात शिकणाऱ्या किंवा राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना जन्म-विवाहाच्या दाखल्यावर अपोस्टिल लागतं. अपोस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाने लावलेलं प्रमाणीकरण, ‘ही सही आणि हा शिक्का खरा आहे’ असं दुसऱ्या देशाला सांगणारं. ते मूळ दाखल्यावर होतं, जुन्या हस्तलिखित दाखल्यावर अडतं. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी नवा छापील दाखला काढून ठेवा.

## खिडकी सोडण्यापूर्वी

नक्कल हातात पडली की आनंदाने पिशवीत टाकू नका. उलटवून पाहा. नकलेवर छोट्या ओळी असतात: अर्ज आल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, शुल्क, ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’. रुजवात घेणार म्हणजे ज्याने मूळ पान समोर ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहिला तो. ती सही आहे का पाहा. आजोबांचं नाव, गाव, तारीख, रकाना मूळ पानाशी जुळतो का, ते तिथेच वाचा. शिक्का अर्धा उमटला असेल तर पुन्हा मारून घ्या. आत्याच्या नोंदीच्या नकलेत आमच्या गावाच्या नावातला एक अनुस्वार सुटला होता. बाईंनी वही पुन्हा उघडली, तो दिला, बाजूला छोटी सही केली, आणि पट्टीने पान मिटलं.